एकरंगी पानांचे मूल्य : पोकरविषयक लेखनातील एका संकल्पनेची चिकित्सा

१

पोकर या खेळाविषयी गेल्या अर्धशतकात इंग्रजीत जे लेखन झाले, त्यात एका प्रश्नाने सातत्याने जागा अडवली आहे. आरंभी हाती आलेली दोन पाने एकाच रंगाची असली, तर त्या योगायोगाला किती किंमत द्यावी, हा तो प्रश्न होय. वरवर पाहता हा प्रश्न निव्वळ गणिताचा आहे आणि त्याचे उत्तर मोजून काढता येण्यासारखे आहे. वस्तुतः त्याची उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत. एक लेखक ज्या पानांना मानाच्या पंक्तीत बसवतो, तीच पाने दुसरा निकालात काढतो. हा विसंवाद आकडेमोडीतील चुकांमुळे निर्माण झालेला नसून ‘मूल्य’ या शब्दाच्या शिथिल वापरातून उद्भवला आहे, असे दाखविता येते. म्हणूनच हा विषय भाषाभ्यासकाच्या कक्षेबाहेरचा मानण्याचे कारण नाही.

विवेचनापुरती खेळाची रूपरेषा देणे इष्ट होईल. येथे विचारात घेतलेला प्रकार ‘टेक्सस होल्डेम’ हा होय. प्रत्येक खेळाडूस दोन पाने झाकून मिळतात. नंतर पटावर सर्वांसाठी सामाईक पाच पाने उघडली जातात : प्रथम एकदम तीन, यास ‘फ्लॉप’ म्हणतात, मग चौथे पान, ‘टर्न’, आणि शेवटी पाचवे, ‘रिव्हर’. आरंभी व प्रत्येक टप्प्यानंतर पैजा लागतात. अखेरीस सात पानांतून जो उत्तम पाच पानांचा संच करील तो जिंकतो; किंवा त्याआधीच इतर सर्वांनी पाने टाकली, तर उरलेला खेळाडू पाने न दाखविताच जिंकतो. हा दुसरा पर्याय पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरेल. पाचही पाने एका रंगाची असली की त्या संचास ‘फ्लश’ म्हणतात. येथे ‘रंग’ म्हणजे इस्पिक, बदाम, चौकट व किल्वर यांपैकी एक. लाल व काळा हा भेद अभिप्रेत नाही.

२

बावन्न पानांतून दोन पाने १,३२६ प्रकारांनी येऊ शकतात. परंतु पोकरमध्ये रंगांना परस्परांत उच्चनीचता नाही. ब्रिजच्या बोलीत इस्पिक बदामाहून वरचढ असते. तसे येथे नाही. त्यामुळे इस्पिकचे एक्का-राजा आणि बदामचे एक्का-राजा यांत आरंभी काडीचाही फरक नसतो. असे समतुल्य प्रकार एकत्र केले की १,३२६ ऐवजी १६९ वर्ग उरतात : १३ जोड्या, ७८ एकरंगी वर्ग आणि ७८ भिन्नरंगी वर्ग. असंख्य स्वनांतून मोजके स्वनिम निश्चित करताना भाषावैज्ञानिक जे करतो, त्याच जातीची ही क्रिया आहे. जो भेद व्यवस्थेत कार्य करीत नाही तो सोडून द्यावयाचा, जो करतो तो राखावयाचा. इस्पिक की बदाम हा भेद सुटतो. एकरंगी की भिन्नरंगी हा राहतो.

येथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. ७८ आणि ७८ हे आकडे सारखे दिसले, तरी एकरंगी वर्ग प्रत्येकी ४ प्रकारांनी येतो व भिन्नरंगी वर्ग प्रत्येकी १२ प्रकारांनी. म्हणजे एकरंगी पाने १,३२६ पैकी ३१२ वेळा, शेकडा २३.५ इतक्या प्रमाणात, हाती येतात. जवळजवळ दर चार डावांत एकदा येणारी ही घटना दुर्मिळ नव्हे. ‘एकरंगी आहेत’ एवढ्याच कारणासाठी पाने खेळावयाची ठरविणारा खेळाडू केवळ त्या कारणापायी जवळजवळ चतुर्थांश डावांत उतरेल. पोकरमध्ये पैसा गमावण्याचा हा अत्यंत राजरोस मार्ग आहे.

आता हा भेद पुढे किती वेळा कार्य करतो, ते पाहावे. हाती एकरंगी पाने असताना फ्लॉपचे एकूण १९,६०० प्रकार संभवतात. त्यांपैकी १६५ प्रकारांत तिन्ही पाने त्याच रंगाची येऊन फ्लश तत्काळ पूर्ण होतो. २,१४५ प्रकारांत दोन पाने त्या रंगाची येतात व फ्लशला एक पान कमी पडते. ८,१५१ प्रकारांत एकच पान येते. आणि ९,१३९ प्रकारांत एकही येत नाही. हजार डावांच्या हिशेबाने हे अनुक्रमे सुमारे ८, १०९, ४१६ व ४६६ डाव होतात. शेवटच्या गटात फ्लॉपनंतर दोनच पाने उघडावयाची राहतात, तर फ्लशला तीन पाने हवी असतात. म्हणजे जवळजवळ निम्म्या डावांत ‘एकरंगी’ हा विशेष तिथेच संपुष्टात येतो.

त्रुबेत्स्कॉय याने १९३९ च्या आपल्या ग्रंथात ज्या घटनेस विरोधाचा लोप म्हटले, तिची येथे आठवण होते. जर्मनमध्ये घोष व अघोष स्पर्शांचा भेद अर्थभेदक आहे. परंतु शब्दाच्या अंती तो उच्चारात उरत नाही. भेद व्यवस्थेत आहे, विशिष्ट परिसरात नाही. एकरंगी पानांचेही असेच आहे. खेळाडू मात्र फ्लॉपनंतरही आपली पाने ‘एकरंगी’च समजत राहतो, कारण नाव त्यास चिकटून बसलेले असते.

३

या विशेषाला संख्येत बांधण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांत डेव्हिड स्क्लान्स्की याच्या वर्गवारीचा प्रभाव सर्वाधिक म्हणावा लागेल. १९७६ मध्ये त्याचे होल्डेमवरील पहिले पुस्तक निघाले. पुढे १९८८ मध्ये मेसन माल्मुथ याच्यासमवेत लिहिलेल्या प्रगत खेळाडूंसाठीच्या पुस्तकात ही वर्गवारी सर्वश्रुत झाली. तीत आरंभीच्या पानांचे आठ गट केले आहेत. एकरंगी एक्का-राजा पहिल्या गटात, भिन्नरंगी दुसऱ्यात. एकरंगी गुलाम-दश्शी तिसऱ्या गटात, भिन्नरंगी पाचव्यात. एकरंगी दश्शी-नव्वी चौथ्या गटात, भिन्नरंगी थेट सातव्यात. या क्रमाचा अर्थ असा की रंगाचे साहाय्य सर्व पानांना सारखे मिळत नाही. जी पाने केवळ आपल्या उंचीवर डाव जिंकू शकतात त्यांना ते कमी लागते. ज्यांचा भरवसा मोठे संच साधण्यावर आहे त्यांना अधिक लागते. ही दृष्टी सूक्ष्म आहे व तिचे श्रेय वर्गवारीकारांना दिलेच पाहिजे.

परंतु ही वर्गवारी मर्यादित पैजांच्या खेळासाठी, भरलेल्या मेजासाठी रचलेली होती. अशा मेजावर एका डावात चार-पाच खेळाडू उतरत. फ्लश साधला तर देणारे अनेक असत. आणि पैजेची रक्कम ठराविक असल्याने एका अधिक पानाची वाट पाहणे स्वस्त पडे. पुढील वाचकांनी तक्ता उचलला आणि परिसर मागे ठेवला. अमर्यादित पैजांच्या किंवा दोघांच्याच खेळात तो तक्ता तसाच वापरणे म्हणजे एका बोलीचे व्याकरण दुसरीवर लादणे होय. दोष मूळ ग्रंथाइतकाच त्याच्या वाचनपद्धतीचा आहे. तरी तक्त्याचे स्वरूपच अशा वाचनास आमंत्रण देते, हेही नाकारता येत नाही. तक्त्यात पान असते, गट असतो. प्रतिस्पर्धी किती, पैजा कशा, हे कोठेच दिसत नाही.

गणितज्ञ बिल चेन याच्या नावाने प्रसिद्ध असलेले सूत्र याहून सुटसुटीत आहे. एक्क्याला १०, राजाला ८, राणीला ७, गुलामाला ६ आणि दश्शीपासून खाली पानाच्या निम्मे असे गुण वरच्या पानासाठी द्यावयाचे. जोडी असल्यास ते दुप्पट करावयाचे. दोन पानांत अंतर असेल तर त्या मानाने गुण वजा करावयाचे. राणीखालील लगतच्या पानांना एक गुण अधिक. एकरंगी असल्यास सरसकट २ गुण. या हिशेबाने एकरंगी एक्का-राजा १२ गुणांची व भिन्नरंगी १० गुणांची; एकरंगी गुलाम-दश्शी ९ गुणांची व भिन्नरंगी ७ गुणांची ठरतात. स्मरणास सोपे, मेजावर बसून मनात करता येण्याजोगे, असे हे साधन आहे. परंतु स्क्लान्स्कीच्या तक्त्यात जो तारतम्यभाव होता तो येथे गेला. रंगाचे मूल्य २ हा स्थिरांक झाला, जणू ते पानांच्या अंगी असलेले वजन आहे आणि कोणत्याही पानांबरोबर ठेवले तरी तितकेच भरते.

४

तक्ते व सूत्रे यांच्या बरोबरीने खेळाडूंच्या मनावर आख्यायिकांचा पगडा असतो. डॉइल ब्रन्सन हा टेक्ससचा खेळाडू या आख्यायिकांचा नायक. एकरंगी, लगतच्या लहान पानांवर त्याचा लोभ होता. आक्रमक पैजांनी प्रतिस्पर्ध्यास पाने टाकावयास लावणे आणि तरीही कोणी टिकला तर झाकलेल्या संचाने त्यास गाठणे, ही त्याची रीत १९७० च्या दशकाच्या अखेरीस निघालेल्या ‘सुपर सिस्टिम’ या ग्रंथातून सर्वत्र पोहोचली.

ब्रन्सनने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेतील मुख्य लढत जिंकली. दोन्ही वर्षी अखेरच्या डावात त्याच्या हाती दश्शी-दुर्री होती आणि या पानांना पुढे त्याचेच नाव पडले. पहिल्या वर्षी ती पाने एकरंगी होती, दोन्ही इस्पिकची; दुसऱ्या वर्षी भिन्नरंगी, इस्पिक व बदाम. दोन्ही वेळा तो जिंकला तो फुल हाउसच्या बळावर. एक वर्ष रंग होता, एक वर्ष नव्हता. निकालात त्याचा कसलाच हात नव्हता. आख्यायिकेने दश्शी-दुर्री तेवढी लक्षात ठेवली. ज्या विशेषावर एरवी इतकी शाई खर्ची पडते, तो प्रत्यक्ष कथेत अदृश्य होतो, ही गोष्ट बोलकी आहे.

ब्रन्सनच्या यशातून रंगाचे मूल्य सिद्ध होते असे मानणाऱ्यांनी त्याच्या रीतीचा उत्तरार्ध वाचला, पूर्वार्ध वाचला नाही. त्याच्या हाती ही पाने मुख्यतः आक्रमणाचे निमित्त होती. निमूटपणे पैजा भरत फ्लशची वाट पाहणाऱ्याच्या हाती तीच पाने वेगळी ठरतात.

५

या सर्वांवरील प्रतिक्रिया म्हणून संगणकाच्या साहाय्याने एक वेगळा युक्तिवाद पुढे आला. कोणत्याही दोन अज्ञात पानांविरुद्ध, पाचही सामाईक पाने उघडेपर्यंत खेळ नेला, तर प्रत्येक वर्गाला डावाचा सरासरी किती वाटा मिळतो, ते मोजता येते. एकरंगी एक्का-राजाला सुमारे शेकडा ६७.० मिळतो, भिन्नरंगीला ६५.३. एकरंगी गुलाम-दश्शीला ५७.५, भिन्नरंगीला ५५.५. सर्वांत कुप्रसिद्ध अशा सत्ती-दुर्रीला एकरंगी असता ३८.२ व भिन्नरंगी असता ३४.६. म्हणजे रंगाची भर दीड-पावणेदोन टक्क्यांपासून साडेतीन टक्क्यांपर्यंत. त्याचे कारणही उघड आहे. रिव्हरपर्यंत एकरंगी पानांचा आपल्या रंगात फ्लश होण्याचे प्रमाण शेकडा ६.४ आहे, तर भिन्नरंगी पानांपैकी एखाद्याच्या रंगात तो होण्याचे १.८५. वाढ साडेचार टक्क्यांची. आणि फ्लश झालेल्या काही डावांत खेळाडू तसाही जिंकलाच असता. यावरून निष्कर्ष काढला जातो की रंग हा केवळ अलंकार आहे, टाकाऊ पाने त्याने टिकाऊ होत नाहीत.

निष्कर्षाचा उत्तरार्ध निर्विवाद आहे. सत्ती-दुर्री एकरंगी झाली तरी ती सत्ती-दुर्रीच राहते. पूर्वार्ध मात्र तपासून घेतला पाहिजे. या मोजणीत एक गृहीत दडलेले आहे : पैजा लागत नाहीत आणि कोणी पाने टाकत नाही. प्रत्यक्ष खेळात नेमके हेच घडत असते. मध्यम उंचीच्या भिन्नरंगी पानांचा वाटा कागदावर निम्म्याहून अधिक असेल. परंतु फ्लॉपवर काही न साधता समोरून मोठी पैज आली, की तो वाटा सोडून द्यावा लागतो. फ्लशला एक पान कमी असलेला खेळाडू टिकून राहू शकतो, कारण पुढील दोन्ही पाने पाहावयास मिळाली तर त्याचा फ्लश शेकडा ३५ वेळा पूर्ण होतो. शिवाय तो स्वतः पैज वाढवून हूल देऊ शकतो. प्रतिस्पर्ध्याने पाने टाकली तर तत्काळ जिंकतो, न टाकली तरी त्याच्यापाशी पुढची आशा उरते. कागदावरील वाट्यापैकी किती वाटा प्रत्यक्ष पदरात पडतो, या कसोटीवर एकरंगी पाने त्या दोन-तीन टक्क्यांहून बरीच अधिक मोलाची ठरतात.

याच कसोटीची दुसरी बाजूही आहे. फ्लॉपवर प्रतिस्पर्ध्याने डावातील रकमेइतकीच पैज लावली, तर ती भरण्यासाठी तिप्पट रकमेत एक भाग, म्हणजे शेकडा ३३ ची शक्यता लागते. पुढील एका पानावर फ्लश पूर्ण होण्याची शक्यता मात्र ४७ पैकी ९, शेकडा १९ एवढीच असते. टर्नवर पुन्हा पैज आली, तर ३५ हा आकडा पुन्हा पैसे मोजल्याविना हाती लागत नाही. ही तफावत भरून निघावयाची ती फ्लश साधल्यावर प्रतिस्पर्ध्याकडून मिळणाऱ्या रकमेतूनच. आणि ती मिळेल की नाही, हे पानांवर लिहिलेले नसते.

फ्लश साधला तरी तो सर्वांत उंच आहे का, हा प्रश्न उरतो. पटावर एका रंगाची नेमकी तीन पाने आहेत व त्याच रंगाची दोन लहान पाने हाती आहेत, अशी स्थिती रिव्हरवर घ्यावी. एका अज्ञात प्रतिस्पर्ध्याच्या हाती त्या रंगाची दोन्ही पाने असण्याची शक्यता शेकडा २.८ आहे. आठही प्रतिस्पर्धी अखेरपर्यंत टिकून आहेत असे धरले, तर त्यांपैकी एकाच्या तरी हाती ती असण्याची शक्यता शेकडा २१ वर जाते. एवढे सर्व अखेरपर्यंत टिकत नाहीत, हे खरे. पण जे टिकतात ते यदृच्छेने टिकत नाहीत, आणि मोठी रक्कम लावण्यास जो तयार होतो त्याच्याविषयी तर हा संशय अधिकच बळावतो. म्हणून छक्की-पंजीचा फ्लश आणि एक्क्याचा फ्लश यांना एकाच नावाने संबोधणे सोयीचे असले, तरी एकाच मूल्याचे मानणे धोक्याचे आहे. अधिक प्रतिस्पर्धी असताना फ्लशची फळनिष्पत्ती वाढते हे तत्त्व एक्क्याला पूर्णपणे लागू पडते. लहान पानांच्या बाबतीत त्याच वेळी धोकाही वाढतो.

एकरंगी एक्का-पंजीचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. जुन्या तक्त्यांत ती मध्यम प्रतीची पाने होती. आधुनिक सिद्धान्तानुसार तीच पाने पैज पुन्हा वाढविण्यासाठी निवडली जातात. फ्लश झाला तर तो सर्वांत उंच असतो. एक्का ते पंजी असा सलग संच होऊ शकतो. आणि एक एक्का आपल्यापाशी असल्याने प्रतिस्पर्ध्याकडे दोन एक्के असण्याचे प्रकार ६ वरून ३ वर, व एक्का-राजा असण्याचे १६ वरून १२ वर येतात. यातील शेवटचा लाभ रंगाचा नाही, पहिला आहे. आणि दोन्ही एकत्र आल्यामुळेच ती पाने त्या कामी योग्य ठरतात. कोणत्या लाभास किती गुण, असा विभागून हिशेब येथे लावता येत नाही.

६

मराठी वाचकाला या प्रश्नाचा परिचय बहुधा तीन पत्तीच्या द्वारे असतो. तीत तीन पाने एका रंगाची आली की त्यास ‘कलर’ म्हणतात. कलर जोडीहून वरचढ, परंतु सिक्वेन्सहून कमी. पोकरमध्ये याच्या उलट फ्लश हा सलग पानांच्या ‘स्ट्रेट’हून वरचढ. दोन्हीकडे नियम एकच : जे विरळ ते वरचे. तीन पानांच्या २२,१०० प्रकारांत कलर १,०९६ आणि सिक्वेन्स ७२०. पाच पानांच्या २५,९८,९६० प्रकारांत फ्लश ५,१०८ आणि स्ट्रेट १०,२००. दुर्रीपासून पंजीपर्यंतची पाने काढून ३६ पानांनी खेळावयाच्या होल्डेममध्ये फ्लश सामान्यतः फुल हाउसच्याही वर जातो. कारण तेथे फ्लशचे ४८० प्रकार व फुल हाउसचे १,७२८ आहेत. पाने तीच, रंग तोच. व्यवस्था बदलली की स्थान बदलले.

सोस्यूरच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत बुद्धिबळाचा दृष्टान्त आहे. हरवलेल्या घोड्याच्या जागी दुसरी कोणतीही वस्तू ठेवली, तरी तिला घोड्याचेच मूल्य दिले की खेळ चालू राहतो. मूल्य वस्तूत नसते, व्यवस्थेतील इतर घटकांशी असलेल्या संबंधांत असते. हा विचार पोकरला लावताना मात्र एक भर घालावी लागते. बुद्धिबळात सर्व सोंगट्या दोघांना दिसतात. पोकरमध्ये प्रतिस्पर्ध्याची पाने झाकलेली असतात. त्यामुळे पानांचे मूल्य इतर पानांवर अवलंबून असते, तसेच प्रतिस्पर्ध्याला त्यांविषयी काय वाटते यावरही असते. ज्याची हूल कोणी मानत नाही, त्याच्या हातची एकरंगी पाने निम्म्या शक्तीनिशी खेळतात.

संगणकीय संशोधनाने या विचारास दुजोराच दिला. २०१५ मध्ये अल्बर्टा विद्यापीठातील संशोधकांनी दोघांचा, मर्यादित पैजांचा होल्डेम व्यवहारतः सोडविल्याचे प्रसिद्ध केले. २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ने अमर्यादित पैजांच्या १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंवर मात केली. अशा पद्धतींत पानांना आगाऊ ठरवून दिलेले गुण नसतात. संपूर्ण डावपेचाचा समतोल काढला जातो आणि पानाचे मूल्य त्यातून निष्पन्न होते. ते अगोदर येत नाही, शेवटी येते. एकच पाने त्याच स्थितीत कधी खेळावयाची, कधी टाकावयाची, असेही उत्तर तीत मिळते. तक्त्यात अशा उत्तरास जागा नाही.

७

या चिकित्सेवरून तक्ते व सूत्रे निरुपयोगी ठरतात असे नाही. नवशिक्याला व्याकरण लागतेच. स्क्लान्स्कीचा तक्ता आपल्या परिसरात आजही वाचनीय आहे. चेनचे सूत्र स्मरणाचे साधन म्हणून चांगले आहे. आणि वाट्याची मोजणी अतिरेकी आशेला आवर घालते. चूक होते ती यांपैकी एकालाच मूल्याचा संपूर्ण हिशेब समजण्यात. ‘एकरंगी होती म्हणून खेळलो’ असे सांगणारा आणि ‘रंगाने दोनच टक्के वाढतात’ असे बजावणारा, हे दोघेही मूल्य पानांतच शोधीत असतात. एकाला ते फार सापडते, दुसऱ्याला थोडे.

आरंभीच्या पानांविषयी विचारावयाचे प्रश्न वेगळेच आहेत. फ्लश साधलाच तर तो किती उंच असेल? मेजावर किती जण टिकतील व त्यांच्यापाशी द्यावयास किती रक्कम असेल? वाट पाहण्याची किंमत काय पडेल, आणि वाट न पाहता हूल देऊन डाव घेता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे अनुकूल असतील तेथे रंगाची भर मोठी होते. प्रतिकूल असतील तेथे ती शून्याच्या जवळ येते, आणि लहान पानांच्या बाबतीत कधी शून्याखालीही जाते, कारण ती खेळाडूला हरणाऱ्या डावात गुंतवून ठेवते. ‘एकरंगी’ हे विशेषण हाती आलेल्या पानांचे वर्णन अचूक करते. त्या वर्णनावरून मोल ठरविण्याची घाई ग्रंथकारांनी केली तेथे त्यांचे लेखन दुबळे झाले, आणि खेळाडूंनी केली तेथे त्यांना त्याची किंमत रोख मोजावी लागली.